काय मावशी, कुठवर आलो?

१

आमच्या ऑफिसात एक विमान आहे. ते उडत नाही, कारण त्याला पंख नाहीत, शेपूट नाही आणि इंजिनही नाही. गोदामाच्या कोपऱ्यात लाकडी चौथऱ्यावर ठेवलेला लांबट डबा आहे तो. आत खऱ्या विमानातल्या सीटांच्या पाच ओळी, आणि प्रत्येक सीटच्या पाठीला एक पडदा. खिडक्या आहेत, पण त्यांच्या मागे फळ्या ठोकल्यात. दार एकच. आम्ही सगळे त्याला डबाच म्हणतो.

विमानात पडद्यावर नकाशा दिसतो ना, इवलंसं विमान समुद्रावरून मुंगीसारखं सरकतं आणि खाली उरलेलं अंतर आणि उरलेला वेळ येतो, तो आम्ही करतो. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. नोकरीला लागले तेव्हा मलाही असंच वाटलं होतं. पण सिनेमा संपतो, जेवण संपतं, शेजारचा घोरायला लागतो, आणि मग माणसाला त्या आकड्याशिवाय दुसरं कोणी उरत नाही. तो आकडा खोटा निघून चालत नाही.

पडदा मात्र मुलखाचा आळशी. सीटवर वजन असेल आणि पट्टा लावलेला असेल तरच जागा राहतो. आता रोज दिवसभर पट्टा लावून बसायला कोणाला वेळ आहे? म्हणून आम्ही एक पुतळा बसवलाय. कापडी धड, त्यात वाळूच्या पिशव्या, आणि डोक्याच्या जागी उशी. आमचा वायरमन, ज्याला आम्ही सबुरी म्हणतो कारण आग लागली तरी तो आधी सबुरीनं घ्या म्हणेल, त्या उशीवर तोंड काढणार होता. मार्करही आणला होता. राहून गेलं ते राहूनच गेलं.

पुतळ्याचं नाव मावशी. ते माझ्यामुळे पडलं. माझी धाकटी बहीण पार जगाच्या दुसऱ्या टोकाच्या शहरात असते, तिला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवसापासून मी ऑफिसात सगळ्यांची डोकी खात होते, मी मावशी होणार, मी मावशी होणार. सबुरी म्हणाला, तुम्ही नंतर व्हा, आधी ही होऊ दे. मग मीही चेव येऊन माझा जुना मोहरी रंगाचा स्वेटर पुतळ्याला चढवला. धाकटीनं विणलेला पहिलावहिला स्वेटर तो. एक बाही दुसरीपेक्षा चांगली वीतभर लांब. तिला सांगितलं तेव्हा ती आधी रुसली आणि मग पोट धरून हसली.

तेव्हापासून सबुरी रोज सकाळी डब्यात डोकावून विचारतो, "काय मावशी, कुठवर आलो?" आणि मग स्वतःच पडदा वाचून स्वतःला उत्तर देतो.

२

त्या मंगळवारी माझे पाय जमिनीवर नव्हते. आमच्या शहरातून धाकटीच्या शहराला थेट विमान सुरू होणार होतं. आजवर दोन ठिकाणी बदलत, विमानतळांवर बाकड्यांवर लवंडत, रडतखडत दोन दिवस लागायचे. आता एका बैठकीत पोचायचं. पहिलं विमान पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी, पडदे आमचे, आणि ते नीट चालतायत ना हे बघायला साहेबांनी मला पाठवायचं ठरवलं होतं. धाकटीचे दिवस भरत आले होते. आई गेल्यापासून तिचं सगळं मीच केलेलं. शाळेच्या वेण्यांपासून लग्नाच्या पाठवणीपर्यंत. बाळंतपणाला मी नसेन तर कोण असणार?

दुपारी डबा खाता खाता तिला फोन लावला. तिच्याकडे संध्याकाळ उतरत होती.

"ताई, हे बारा दिवस टूरवर गेलेत," ती म्हणाली. "घर खायला उठतं. तू नक्की येतेयस ना?"

"पुढच्या शुक्रवारी तुझ्या दारात."

"तुझा काय भरवसा. तू उद्यासुद्धा उभी राहशील दारात. आणि मला फोनवर सांगशील, मी अजून ऑफिसातच आहे म्हणून."

हे खोटं नव्हतं. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला मी अगदी हेच केलं होतं. तिच्या जिन्यात उभी राहून तिला फोन केला, म्हटलं, मला सुट्टी मिळाली नाही गं, ताप पण आहे. ती फोनवर मुळूमुळू रडायला लागली आणि मी बेल वाजवली. दार उघडल्यावर मी म्हटलं, "पोचले गं." तिने मला आधी दोन गुद्दे घातले, मग मिठी मारली.

"या वेळी नाही फसवणार," मी म्हटलं.

"मी बरी फसेन. आता तू कितीही सांग मी लांब आहे म्हणून, बेल वाजली की मी दार उघडणार."

३

नवा मार्ग द्यायच्या आधी आम्ही एकदा पूर्ण प्रवास खऱ्या वेळात चालवून बघतो. नकाशात मुक्काम म्हणून खरं तर विमानतळाची जागा द्यायची असते. पण आमच्याकडे एक वाईट खोड आहे. प्रत्येकजण आपल्या ओळखीचं घर देतो. साहेब त्यांच्या सासुरवाडीचं देतात, सबुरी त्याच्या आवडत्या चहाच्या टपरीची जागा. गंमत म्हणून, आणि ओळखीच्या जागेवर चूक चटकन दिसते म्हणूनही. शेवटी विमानतळाची जागा भरून टाकली की झालं.

मी धाकटीचं घर दिलं. नकाशा मोठा करत करत तिच्या गल्लीत शिरले, कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान ओलांडलं आणि तिच्या छपरावर बोट ठेवलं. उरलेलं अंतर बारा हजार सहाशे चाळीस किलोमीटर. उरलेला वेळ चौदा तास चाळीस मिनिटं. तो आकडा बघून मला इतका आनंद झाला की मी मावशीच्या उशीचा मुका घेतला.

संध्याकाळी सहाला चालू केलं. तासभर बघायचं, बंद करायचं आणि दुसऱ्या दिवशी सबंध प्रवास करायचा, असं ठरलं होतं. मी मावशीच्या शेजारी बसले, समोरच्या फळीवर पाण्याचा पेला ठेवला. वीसेक मिनिटांनी पडद्यावरच्या विमानाने समुद्राकडे वळण घेतलं. आणि पेल्यातलं पाणी एका बाजूला कललं.

मी बघत राहिले. पाणी कललेलंच. नकाशावरचं विमान सरळ झालं, तसं पाणीही सरळ झालं.

सबुरीला हाक मारली. त्याने फळीवर सपाटी बघायची लेव्हल ठेवली, बुडबुडा मधोमध.

"फळी सरळ आहे," तो म्हणाला.

"आत्ता वाकडी होती."

"ताई, तुम्ही मनाने केव्हाच निघालाय. तुम्हाला उद्यापासून ढगही दिसतील."

मीही हसले. खरंच होतं ते. मन आधी पळतं, डोळे त्याच्या मागून. सात वाजता सबुरीने मेन स्विच खाली ओढला, पडदे काळे झाले, आणि आम्ही घरी गेलो. जाताना माझ्या कानाला दडे बसले होते. वाटलं, सर्दी होणार. आता जायच्या तोंडावर सर्दी नको म्हणून मी घरी वाफ घेतली.

४

बुधवारी मी साडेसातलाच ऑफिसात पोचले. मला घरी बसवत नव्हतं. धाकटीसाठी घेतलेली झबली ऑफिसात सगळ्यांना दाखवायची होती, ती पिशवी हातात होतीच.

गोदामात अंधार. मेन स्विच खाली. आणि डब्याच्या दारातून निळसर उजेड येत होता.

आत एकच पडदा जागा होता, मावशीच्या समोरचा. उरलेलं अंतर नऊशे नव्वद किलोमीटर. उरलेला वेळ एक तास दहा मिनिटं.

मी काय केलं असेल? माझ्या पोटात आधी गुदगुल्या झाल्या. खरं सांगते. तो आकडा इतका लहान मी कधी बघितलाच नव्हता. धाकटी एका तासावर. आयुष्यात कधी ती एका तासावर नव्हती, लग्न झाल्यापासून. मग डोकं चालायला लागलं. पडद्यातल्या घड्याळाला छोटी बॅटरी असते, त्याने हिशोब चालू ठेवला असेल. पण पडदा त्या बॅटरीवर पेटत नाही. मग कुठूनतरी वीज येत असेल. सबुरी येईल, सापडेल.

सबुरी आला. त्याने मेन बघितला, मागची वायर बघितली, मग ती वायर सरळ उपटूनच काढली. पडदा तसाच. त्याने सबुरीनं घ्या असं म्हटलं नाही, हे मला आवडलं नाही.

"खिडकीला हात लावा," तो म्हणाला.

खिडकी बर्फ. आतल्या बाजूने बारीक हिमाची नक्षी धरलेली. मी नखाने खरवडलं तर नखात गार चुरा आला. तिच्यामागे फळी होती, फळीमागे गोदामाची भिंत, भिंतीपलीकडे आमच्या स्कूटर लावायची जागा. मी बाहेर जाऊन भिंतीला हात लावला. ती कोमट होती, उन्हं पडायला लागली होती.

"एसी राहिला असेल चालू," मी म्हटलं.

"एसी मेनवरच आहे."

परत आत आलो तर जमीन पुढच्या बाजूला उतरती लागत होती. थोडीशीच. जिना संपलाय असं वाटून आणखी एक पायरी लागावी तेवढी. माझ्या कानात पुन्हा दडे. आणि मी, चांगली शहाणीसुरती बाई, आवंढा गिळत गिळत, मनातल्या मनात म्हणत होते, आता उतरायला लागलो.

"पट्टा काढा मावशीचा," सबुरी म्हणाला. "झोपेल पडदा."

इतकी साधी गोष्ट. मी वाकले, बकलला हात घातला, आणि काढला नाही. अर्धा तास उरला होता. मला बघायचं होतं शून्य झाल्यावर काय होतं ते. मला धाकटीच्या दारापर्यंत जायचं होतं, नकाशावर का होईना. मी म्हटलं, "राहू दे. पूर्ण तर होऊ दे प्रवास."

शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा सबुरी साहेबांना फोन करायला बाहेर गेला. तेवढ्यात मलाच फोन आला.

५

"ताई, कुठे आहेस?" धाकटी होती. तिच्याकडे दुपार. आवाजात नुसतं हसू.

"ऑफिसात."

"हो का. मग माझ्या घरावर घरघर कसली येतेय मघापासून? आणि कानाला दडे बसलेत."

मी मावशीच्या ओळीत, दाराशेजारी उभी होते, तिच्याकडे पाठ आणि पडद्याकडे तोंड करून. चार किलोमीटर. तीन. विमान तिच्या गल्लीवर आलं होतं. औषधांचं दुकान.

"धाकटे, ऐक. दारं लावलीयत ना?"

"झालं तुझं सुरू."

शून्य. पडदा विझला. फोनमध्ये बेल वाजली, तिच्या घराची, ती पक्ष्याच्या चिवचिवाटाची वेडगळ बेल.

"दार उघडू नकोस," मी म्हटलं.

"म्हणजे तू लांबच आहेस. आणि तुला ताप पण असेल."

"अगं मी खरंच ऑफिसात आहे. देवाशपथ. व्हिडिओ लाव, दाखवते."

तिने व्हिडिओ लावला. पण मला दाखवायला नाही, तर माझी चोरी पकडायला. तिने फोन दाराकडे धरला. तिच्या दाराला खरखरीत काच आहे, पलीकडचं माणूस नुसतं रंगासारखं दिसतं. काचेपलीकडे मोहरी रंग होता. एक बाही दुसरीपेक्षा लांब लोंबत होती. वर, जिथे तोंड असतं तिथे, फिकट पांढरं.

"स्वेटर घालून आलीयस," धाकटी म्हणाली, आणि तिला हुंदकाच आला आनंदाने. "माझा स्वेटर घालून आलीयस ताई तू."

मी मागे वळून बघितलं. मावशीची सीट रिकामी होती. पट्टा सुटा, आणि गादीवर बसल्याचा खळगा हळूहळू वर येत होता. गेली पाच मिनिटं मी डब्याच्या एकुलत्या एक दाराशेजारी उभी होते. माझ्या अंगाजवळून कोणी गेलं नव्हतं.

मी ओरडले असेन. काय ओरडले ते आठवत नाही. धाकटी हसतच कडी काढत होती, फोन हिंदकळत होता, जमीन, तिची चप्पल, तिचं पोट. दार उघडल्याचा आवाज आला. आणि मग माझा आवाज आला. माझाच, जरासा बसलेला, लांबचा प्रवास करून आल्यावर होतो तसा.

"पोचले गं."

फोन बंद झाला.

६

त्यानंतर मी किती वेळा फोन लावला देव जाणे. सबुरी आला, रिकामी सीट बघितली, म्हणाला, स्टोअरवाल्यांनी उचलला असेल पुतळा, विचारून येतो. सांगायला गेले की शब्द वेडगळ वाटायचे आणि तोंडातच राहायचे.

मग तिने उचलला.

"हॅलो, कोण?"

"धाकटे, मी."

"मी कोण?"

मागे कपबशा वाजत होत्या. कोणीतरी गुणगुणत होतं. तिला झोपवताना मी गुणगुणायचे ते, ज्याला शब्द नव्हते आणि चालही मीच रचलेली.

"अगं मी ताई. घरातून बाहेर पड. शेजारी जा, आत्ताच्या आत्ता. तुला आठवतं ना, आई गेली त्या रात्री तू माझ्या पांघरुणात शिरून काय म्हणाली होतीस? ते जगात कोणालाच माहीत नाही."

तिने कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, जमलं.

"आत्ता आम्ही तेच बोलत होतो," ती हळू म्हणाली. मग तोंड वळवून म्हणाली, "ताई, ऐक ना, कोणीतरी तुझा हुबेहूब आवाज काढतंय." आणि माझ्याशी, परक्याशी बोलावं तसं, "हे बघा, मी आता एकटी नाहीये. माझी बहीण आलीय. परत फोन करू नका."

मेहुण्यांना फोन केला. त्यांच्या आवाजात तर दिवाळखोराचं कर्ज फिटल्यासारखी सुटका होती. "अहो ताई, पोचलात ना! हिने फोटो पाठवला. माझ्या जिवाला केवढा घोर होता. आता तुम्ही आहात म्हटल्यावर मी टूर संपवूनच येतो."

तो फोटो त्यांनी मलाच पाठवला. धाकटीचा चेहरा इतका खूष मी तिच्या लग्नातही बघितला नव्हता. शेजारी मोहरी रंगाचा खांदा, बाकीचं चौकटीबाहेर. आणि तिच्या पोटावर टेकलेली लांब बाही. बाहीच्या टोकाला बोटं दिसत नव्हती.

७

दोन ठिकाणी बदलत गेले तर दोन दिवस. गुरुवारच्या विमानाला आठ दिवस. आणि डबा इथे, माझ्यासमोर.

डोकं एकदम स्वच्छ झालं. पडद्याला काय लागतं? वजन आणि पट्टा. मी टेबलावरच्या कॉम्प्युटरवर नकाशा पुन्हा मोठा केला, गल्ली, औषधांचं दुकान, तिचं छप्पर. मग मावशीच्या सीटवर बसले. गादी अजून थंड होती. झबल्यांची पिशवी मांडीवर घेतली आणि पट्टा लावला.

पडदा जागा झाला. बारा हजार सहाशे चाळीस. बारा हजार सहाशे एकोणचाळीस.

निघाले. खरंच निघाले. मला हसू आवरेना. सकाळपासून पहिल्यांदा हातपाय थरथरायचे थांबले. थांबले म्हणजे अगदीच थांबले, जड झाले, पायात वाळू भरल्यासारखे, पण लांबच्या प्रवासात पाय जड होतातच. सीटखालून इंजिनाची बारीक धरधर येत होती. पोचल्यावर काय करायचं ते मी ठरवत होते. बेल वाजवायची नाही. सरळ दार ढकलायचं, धाकटीला हाताला धरून बाहेर काढायचं, मग बघू मागे काय आहे ते.

बाहेर पावलं वाजली. सबुरी आणि साहेब बोलत येत होते.

"सगळं स्टोअर पालथं घातलं," सबुरी म्हणत होता. "आणि ताईही कुठे दिसत नाहीत. बॅग इथेच आहे त्यांची."

त्याने दारातून डोकं आत घातलं. माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा सैल पडला.

"ही काय, इथेच तर आहे." तो आत आला, माझा खांदा धरून मला जरा सरळ बसवलं, एका बाजूला कलले होते मी. "फक्त स्वेटर कोणीतरी काढून नेलाय."

मी सांगणार होते, अरे, मी आहे. तोंड उघडायला गेले. उघडायला काही नव्हतं.

"काय मावशी," तो म्हणाला, "कुठवर आलो?" आणि रोजच्यासारखा वाकून पडदा वाचायला लागला. "अजून बरंच आहे."

असू दे. कमी होतंय. दर खेपेला बघते तेव्हा कमी झालेलं असतं आणि माझ्या पोटात तशाच गुदगुल्या होतात. मेन बंद करून दोघे गेले, पडदा चालू आहे. पाणी कललं, सरळ झालं. खिडकीवर हिम धरलंय. धाकटी काही तासांच्या अंतरावर आहे आणि मी वाटेत आहे, एवढं पुरे आहे मला.

एकच गोष्ट राहून राहून मनात येते. खरखरीत काचेतून तोंड दिसत नाही. तिने ओळखलं ते स्वेटरवरून, आणि तो तर तिकडे आहे.